लेखणी, बोट आणि कीबोर्ड : टॅब्लेट संगणकाच्या जाती कशा घडल्या

बाजारात आज टॅब्लेटच्या ढोबळमानाने चार जाती मिळतात. बोटाने चालणारा, ॲपलचा किंवा अँड्रॉइडचा टॅब. कीबोर्ड जोडला की लॅपटॉप होणारा विंडोजचा टॅब. लिहिण्यासाठी किंवा चित्र काढण्यासाठी लेखणीसह येणारा टॅब. आणि ई-शाईच्या पडद्याचा, मुख्यतः वाचनासाठी असलेला टॅब. दुकानदार त्यांची मांडणी इंच आणि रुपये यांवरून करतो. पण टॅब्लेट हातात घेऊन माणसाने नेमके करायचे काय, या एकाच प्रश्नाला साठेक वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांतून या जाती निघाल्या आहेत. त्यांतली बरीच उत्तरे त्या त्या काळी साफ फसली.

पहिले उत्तर लेखणीचे होते. 1964 मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनने एक फळी तयार केली. तिच्या पृष्ठाखाली बारीक तारांची जाळी होती आणि पेनाचे टोक कोठे टेकले आहे हे त्या जाळीतून संगणकाला समजत असे. लिहायचे फळीवर आणि बघायचे शेजारच्या पडद्यावर, अशी ही व्यवस्था. किंमत सुमारे 18 हजार डॉलर, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर ती जाण्याचा प्रश्नच नव्हता. चित्रकार आणि ॲनिमेशनचे कारागीर आज संगणकाला जोडतात ती पेन-पाटी याच घराण्यातली आहे. तिलाही टॅब्लेटच म्हणतात, पण तिच्या आत संगणक नसतो. ऑनलाइन खरेदीत स्वस्त टॅब्लेट मिळाला म्हणून खूश झालेले गिऱ्हाईक पुष्कळदा हीच पाटी घरी आणते.

दुसरे उत्तर ॲलन के या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाचे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करत असताना 1972 मध्ये त्यांनी ‘डायनाबुक’ या कल्पित संगणकावर निबंध लिहिला. वहीएवढा आकार, चार पौंडांहून कमी वजन, सपाट पडदा, त्याखाली कीबोर्ड आणि 500 डॉलरच्या आसपास किंमत, असे त्याचे वर्णन होते. तो लहान मुलांसाठी होता, पण मुलांनी त्यावर नुसते बघत बसावे असे के यांना अभिप्रेत नव्हते. मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहावेत, चित्रे आणि संगीत रचावे, अशी ती योजना होती. डायनाबुक कधीच तयार झाला नाही. त्या काळी तसा सपाट पडदा नव्हता आणि तशी बॅटरीही नव्हती. त्याऐवजी 1973 मध्ये ‘आल्टो’ हा टेबलावरचा संगणक तयार झाला. टॅब्लेटने वाचावे-पाहावे की काही घडवावे, हा वाद मात्र तेव्हापासून सुरू झाला.

प्रत्यक्ष विकला गेलेला पहिला महत्त्वाचा टॅब्लेट 1989 मधला ‘ग्रिडपॅड’. त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स. वजन सुमारे दोन किलो, किंमत 2,370 डॉलर, आत साधे एमएस-डॉस. पडद्यावर पेनाने सुटी अक्षरे लिहिली की तो ती ओळखत असे. गिऱ्हाईक घरगुती नव्हते. हातात फळी धरून उभ्या उभ्या अर्ज आणि याद्या भरणारी माणसे, म्हणजे फिरतीचे कर्मचारी, हाच त्याचा बाजार. टेबलावर बसलेल्या माणसाला तो निरुपयोगी होता.

ग्रिडपॅडच्या आसपासच पुष्कळांना अशी स्वप्ने पडत होती. जेरी कॅप्लन यांच्या गो कॉर्पोरेशनने लेखणीसाठीच ‘पेनपॉइंट’ ही स्वतंत्र प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये पेनासाठी विंडोजची जोड आवृत्ती काढली. आयबीएमने ‘थिंकपॅड’ हे नाव त्याच वर्षी प्रथम एका लेखणीच्या टॅब्लेटला दिले. पुढे ते लॅपटॉपचे नाव म्हणून गाजले आणि मूळ वस्तू विस्मरणात गेली. गो कंपनी 1994 मध्ये बुडाली. या सगळ्यांची अडचण एकच होती. माणूस जे अक्षर काढतो ते यंत्राला वाचता येत नव्हते.

ही अडचण सर्वांत मोठ्याने गाजली ती ॲपलच्या ‘न्यूटन मेसेजपॅड’च्या वेळी. ऑगस्ट 1993 मध्ये तो 699 डॉलरला विक्रीस आला. सुटी अक्षरे नव्हे तर सलग लिहिलेले शब्द वाचण्याचा त्याचा दावा होता आणि लिहिलेल्या ओळीची तो भलतीच ओळ करत असे. ‘डून्सबरी’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेने त्याची टर उडवली, ती अमेरिकाभर पसरली. पुढच्या आवृत्त्यांत अक्षरओळख खरोखरच चांगली झाली, पण एकदा झालेले हसे पुसले गेले नाही. फेब्रुवारी 1998 मध्ये ॲपलने न्यूटन बंद केला.

न्यूटनचे एक अपत्य मात्र जगले, आणि टॅब्लेटच्या इतिहासात त्याचे महत्त्व न्यूटनहून मोठे आहे. बॅटरीवर तासन्‌तास चालेल अशी कमी विजेची चिप ॲपलला हवी होती. त्यासाठी नोव्हेंबर 1990 मध्ये ब्रिटनच्या एकॉर्न आणि अमेरिकेच्या व्हीएलएसआय या कंपन्यांबरोबर ॲपलने ‘एआरएम’ ही कंपनी स्थापन केली. न्यूटनमध्ये तिचीच रचना होती. आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आणि बहुतेक टॅबमध्ये तिच्याच रचनेच्या चिपा असतात. टेबलावरचे बहुतेक संगणक इंटेलच्या रचनेवर चालत राहिले. टॅब्लेटची सर्वांत खोल फूट येथे पडली: एका बाजूला कमी विजेवर दिवसभर चालणारी, पण जुने प्रोग्राम न चालवणारी जात, दुसऱ्या बाजूला जुने सगळे चालवणारी, पण तापणारी आणि जड जात.

जेफ हॉकिन्सने दरम्यान वेगळीच वाट काढली होती. 1996 च्या ‘पाम पायलट’मध्ये यंत्राने माणसाचे अक्षर शिकावे हा हट्टच त्याने सोडला. उलट माणसाने यंत्राला कळतील अशी सोपी अक्षरे शिकावीत, असे ठरवले. ‘ग्राफिटी’ नावाची ही सोपी लिपी लोकांनी कुरकुर न करता शिकून घेतली आणि खिशात मावणारा पाम चांगला खपला.

मायक्रोसॉफ्टने लेखणी सोडली नव्हती. नोव्हेंबर 2001 मध्ये बिल गेट्स यांनी भाकीत केले की पाच वर्षांत टॅब्लेट हा अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा संगणक-प्रकार होईल. 7 नोव्हेंबर 2002 रोजी विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती बाजारात आली. पडदा फिरवून कीबोर्डवर पालथा पडणारा, कीबोर्ड सुटा होणारा आणि कीबोर्डच नसलेला, अशा तिन्ही घडणीचे संगणक अनेक कंपन्यांनी तिच्यासाठी काढले. जपानच्या वाकोम कंपनीचे तंत्र त्यांतल्या बऱ्याच संगणकांत वापरले जाई: पडद्यामागे विद्युतचुंबकीय जाळी आणि पेनात एक वेटोळे. पेनाला वीज जाळीतूनच मिळे, त्यामुळे पेनात बॅटरी लागत नसे आणि दाब किती दिला हेही मोजता येई. लेखणी म्हणून हे तंत्र आजही उत्तम आहे. खोट होती ती बाकीच्या यंत्रात. विंडोजची चिमुकली बटणे माऊससाठी काढलेली होती, यंत्र जड आणि गरम होते आणि किंमत त्याच ताकदीच्या लॅपटॉपहून जास्त. डॉक्टर, विमा सर्वेक्षक आणि काही विद्यापीठे सोडता तो कोणी घेतला नाही. गेट्स यांचे भाकीत खोटे ठरले.

बोटाचा विजय समजून घ्यायचा तर पडद्यावरच्या पातळ थराकडे पाहावे लागते. जुने स्पर्शपडदे दाबाचे होते. दोन पारदर्शक थरांत किंचित फट असते, दाबल्यावर ते टेकतात आणि यंत्राला जागा कळते. असा पडदा नखाने, काडीने, हातमोजा घालूनही चालतो, स्वस्तही पडतो. पण जोर लावावा लागतो, चित्र मंद दिसते आणि त्याला सहसा एकच बिंदू कळतो. दुसरा प्रकार विद्युतभाराचा. बोट जवळ येताच काचेवरचा विद्युतभार बदलतो, त्यामुळे नुसत्या स्पर्शाने काम होते आणि एका वेळी अनेक बोटे ओळखता येतात. अनेक बोटांच्या स्पर्शावर काम करणारी फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी ॲपलने 2005 मध्ये विकत घेतली. 2007 मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी लेखणीची थट्टा केली. लेखणी हरवते, काढावी लागते, ठेवावी लागते. दहा बोटे जन्मजात मिळालेली आहेत, असा त्यांचा रोख होता.

27 जानेवारी 2010 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड जाहीर झाला आणि 3 एप्रिलला अमेरिकेत विक्री सुरू झाली. 9.7 इंचांचा पडदा, 680 ग्रॅम वजन, दहा तासांची बॅटरी, एआरएम रचनेची चिप आणि 499 डॉलरपासून किंमत. के यांनी लिहिलेला 500 डॉलरचा आकडा जुळला खरा, पण मधल्या 38 वर्षांत डॉलर बराच स्वस्त झाला होता. पहिल्या दिवशी तीन लाख आणि 28 दिवसांत दहा लाख आयपॅड विकले गेले. त्यावर कीबोर्ड नव्हता, लेखणी नव्हती, मॅकचे प्रोग्राम चालत नव्हते. आधीच्या वीस वर्षांत टॅब्लेटवाल्यांनी संगणक आकसून पाटीत बसवण्याचा प्रयत्न केला होता; ॲपलने फोन ताणून मोठा केला. डायनाबुकच्या कल्पनेतले घडवणे त्यात मागे पडले आणि पाहणे, वाचणे, खेळणे पुढे आले, ही टीका तेव्हाच झाली. ती चुकीची नव्हती.

भारतात आयपॅड 28 जानेवारी 2011 रोजी आला, 27,900 रुपयांपासून पुढे. त्याआधीच, नोव्हेंबर 2010 मध्ये, सॅमसंगचा सात इंची गॅलॅक्सी टॅब येथे पोचला होता. मग आकाराचा वाद पेटला. सात इंची पडद्याबरोबर कंपन्यांनी बोटे घासून बारीक करायला पॉलिशपेपरही द्यावा, अशा अर्थाची खिल्ली जॉब्ज यांनी ऑक्टोबर 2010 मध्ये उडवली. त्यांच्या निधनानंतर वर्षभराने ॲपलनेच 7.9 इंचांचा आयपॅड मिनी काढला. ॲमेझॉनचा किंडल फायर (2011) आणि गूगलचा नेक्सस 7 (2012) हे सात इंची टॅब 199 डॉलरला विकले जात होते, तो बाजार सोडणे ॲपललाही परवडले नाही. या धामधुमीत एचपीच्या टचपॅडची गत सर्वांत वाईट झाली. जुलै 2011 मध्ये आलेला तो टॅब 49 दिवसांत बंद करून 99 डॉलरला मोडीत काढावा लागला. यंत्र चांगले होते, पण त्यावर चालणारी ॲप नव्हती. तेव्हापासून टॅबच्या निवडीत यंत्रापेक्षा ॲपच्या दुकानाला जास्त वजन आले.

भारतात सात इंची टॅबची एक खास देशी पोटजात निघाली: सिम घालून थेट फोन करता येणारा टॅब. मायक्रोमॅक्स, कार्बन, मुंबईची आयबॉल अशा कंपन्यांचे टॅब काही हजार रुपयांत मिळू लागले आणि एकाच यंत्रात फोन, सिनेमा आणि मुलांचा अभ्यास भागवणाऱ्या घरांना ते सोयीचे वाटले. त्यांच्यावर अनेकदा मराठी वाचणे मात्र दुरापास्त होते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे तुटत किंवा अक्षरांच्या जागी कोऱ्या चौकटी दिसत. हा दोष अँड्रॉइड 4 च्या मालिकेत हळूहळू दूर झाला. 2015 मध्ये गूगलने हस्ताक्षर ओळखणारे मोफत ॲप काढले, त्यात मराठीही होती. म्हणजे न्यूटनला इंग्रजीत न जमलेले काम मराठीत साध्या फोनवर, तेही बोटाने, होऊ लागले. कॉलिंग टॅबची जात फार टिकली नाही. फोनच पाच आणि सहा इंचांचे झाले, तेव्हा सात इंचांचे वेगळे यंत्र बाळगण्याचे कारण उरले नाही.

स्वस्त टॅब्लेटचा भारतीय इतिहास आयपॅडच्या आधीपासूनचा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी ‘सिम्प्युटर’ हे लिनक्सवर चालणारे, लेखणीचे, हातात मावणारे यंत्र आखले. एका गावात एक यंत्र असावे आणि प्रत्येकाने आपले स्मार्ट कार्ड घालून ते आळीपाळीने वापरावे, ही त्यामागची कल्पना. निरक्षरासाठी भारतीय भाषांतून बोलण्याची सोयही योजली होती. 2004 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने बनवलेली आवृत्ती सुमारे दहा हजार रुपयांपासून विक्रीस आली, तोवर मोबाइल फोन खेड्यात पोचू लागला होता. सिम्प्युटर खपला नाही. पण 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेसाठी सहा लाखांहून अधिक हाती यंत्रे पुरवली ती याच भारत इलेक्ट्रॉनिक्सने. दारोदार फिरून रकाने भरणे हे ग्रिडपॅडचे जुनेच काम होते.

‘आकाश’ची कथा जास्त गाजली, आणि टॅब निवडताना कोठे चुकते हे तिच्याइतके स्पष्ट दुसरी कोणतीच कथा दाखवत नाही. जुलै 2010 मध्ये केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी 35 डॉलरच्या टॅबचा नमुना दाखवला. 5 ऑक्टोबर 2011 रोजी डेटाविंड कंपनीने बनवलेला आकाश दिल्लीत सादर झाला. सात इंचांचा दाबाचा पडदा, 366 मेगाहर्ट्‌झची चिप, 256 एमबी स्मृती आणि 2,100 एमएएचची बॅटरी. सरकारला एक टॅब सुमारे 50 डॉलरला पडला. पैसे नेमके तेथे वाचवले होते जेथे बोट टेकते. आयपॅडने स्पर्श कसा असतो हे दाखवून दीड वर्ष झाले होते आणि आकाशवर बोट रेटावे लागत होते. विद्यार्थ्यांनी तो हाती घेतला आणि तक्रारींचा पाऊस पडला.

2012 मध्ये प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला. तेथील संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली तपशील बदलले. विद्युतभाराचा पडदा, एक गिगाहर्ट्‌झची चिप, दुप्पट स्मृती, अँड्रॉइड 4. आणि किंमत तरीही 2,263 रुपये. 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश 2’ सादर झाला. मुंबईच्या चमूने यंत्राइतकाच भर त्यावर काय चालेल यावर दिला: अभ्यासाची ॲप, प्रोग्राम लिहिण्याची साधने, टॅबवर लिनक्स चालवण्याची सोय, आणि देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या केंद्रांतून शिक्षकांचे प्रशिक्षण. डायनाबुकच्या मूळ कल्पनेच्या इतके जवळ भारतातला दुसरा कोणताही सरकारी टॅब गेला नसावा. एक लाख टॅब घेतले गेले. चौथ्या आवृत्तीचे तपशील ठरले, पण खरेदी झाली नाही आणि 2015 मध्ये प्रकल्प संपला.

त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. कोविडच्या काळात ऑनलाइन वर्गांनी टॅबची मागणी पुन्हा वाढवली. नागपूरची महाज्योती ही राज्य सरकारची संस्था प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना मोफत टॅब देते, सोबत इंटरनेटचा डेटाही. आकाशच्या वेळी डेटाचा विचार मागे राहिला होता.

ई-शाईचा टॅब वेगळ्या कुळातला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधनातून 1997 मध्ये ई इंक कंपनी निघाली. तिच्या पडद्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात. विद्युतभार दिला की हवे ते कण वर येतात आणि वीज बंद केली तरी तेथेच राहतात. म्हणून वीज फक्त पान उलटताना लागते, बॅटरी आठवडे चालते आणि उन्हात अक्षर जास्त स्पष्ट दिसते. चित्रपट मात्र त्यावर पाहवत नाही, कारण कण सावकाश हलतात. सोनीने 2004 मध्ये जपानात असे वाचनयंत्र आणले. ॲमेझॉनचा किंडल नोव्हेंबर 2007 मध्ये 399 डॉलरला आला. भारतात तो 2012 मध्ये दुकानांत मिळू लागला, पण मराठी पुस्तके ॲमेझॉनने डिसेंबर 2016 मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर सुरू केली. मधली चार वर्षे किंडल हा मराठी घरातला इंग्रजी वाचक होता. पुढे या पडद्यावर लेखणीही आली: नॉर्वेच्या रिमार्केबल कंपनीने 2017 मध्ये फक्त लिहिणे-वाचणे करणारा टॅब काढला, 2022 मध्ये ॲमेझॉननेही पेनाचा किंडल आणला. स्टेशनरीच्या दुकानात मुलांसाठी मिळणारी, बटण दाबले की पुसली जाणारी काळी पाटी दिसायला यांच्यासारखी असली तरी तिचे तंत्र वेगळे आहे. अमेरिकेतील केंट डिस्प्लेजने 2010 मध्ये ती आणली आणि तिच्यात लिहिलेले साठत नाही.

कीबोर्ड आणि लेखणी शेवटी मुख्य बाजारातही परतली. ऑक्टोबर 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस आरटी’ काढला: पातळ, पाठीला टेकू, झाकणातच कीबोर्ड. त्यात एआरएमची चिप असल्याने विंडोजचे जुने प्रोग्राम त्यावर चालत नव्हते, आणि नाव विंडोज म्हटल्यावर लोकांची अपेक्षा तीच होती. जुलै 2013 मध्ये कंपनीने त्यापायी 90 कोटी डॉलरचा तोटा दाखवला. इंटेलची चिप घातलेला सरफेस प्रो जड आणि महाग असूनही टिकला, कारण तो खरोखर संगणक होता. 2015 मध्ये ॲपलने 12.9 इंचांचा आयपॅड प्रो, त्याला चिकटणारा कीबोर्ड आणि पेन्सिल आणली. लेखणीची थट्टा करणारी कंपनी ती 99 डॉलरला वेगळी विकू लागली. बोट पानभर फिरते आणि लेखणी एका बिंदूवर, एवढा हा फरक आहे. चित्रकाराला आणि गणित सोडवणाऱ्याला तो बिंदूच हवा असतो.

आता चिपचे जुने कारणही उरलेले नाही. 2021 मध्ये आयपॅड प्रोमध्ये तेव्हाच्या मॅक संगणकातलीच एम1 चिप बसवली गेली, तरीही मॅकचे प्रोग्राम त्यावर चालत नाहीत. ते हवे असतील तर मॅकच घ्यावा लागतो. टॅब आणि संगणक यांच्यातली सीमा पूर्वी बॅटरी आणि पडदा ठरवत होते. आज ती कंपनी ठरवते.